बुधवारी सावनी काय म्हणाली

शनिवार, २६ ऑक्टोबर २०२४

राधिका मावशी,

मी चैत्राली. पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही हे न फोडताच बाजूला ठेवलं असेल, तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. तरी लिहितेय. माझे मेसेज तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, एकच टिक येते. यतीन काकांचा फोन वाजतो आणि बंद होतो. त्यात कॉलेजने आम्हाला बजावलंय की सावनीच्या आई-वडिलांना ईमेल नाही, मेसेज नाही. पत्राबद्दल कुणी काही म्हणालं नाही. अजून कुणी पत्र लिहीत असेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

सावनी कशी आहे? विमानाचा त्रास झाला का? तिला घेऊन फ्रीमाँटला घरी पोचलात एवढं तिच्या रूममेटकडून, टीममधल्या केलीकडून कळलं. बाकी काही कळत नाही.

केली आणि मी मिळून तिची खोली आवरली. दोन खोकी पाठवली आहेत. एकात कपडे, दुसऱ्यात पुस्तकं आणि वह्या. कॅल्क्युलेटर सॉक्समध्ये गुंडाळून ठेवलाय, फुटू नये म्हणून. टीमची जर्सी धुवून घातली आहे. ती पाठवावी की नाही, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

त्या रविवारी सॉकरच्या मैदानावर काय झालं, ते मी नीट सांगावं असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही स्टँडमध्ये वर होतात, मी नेहमीसारखी शिकाऊ ट्रेनर म्हणून लाइनपाशी होते. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. सावनी चेंडू डोक्याने उडवायला वर गेली आणि त्यांच्या मुलीचं डोकं हिच्या कानामागे लागलं. फार जोरात नव्हतं. तसे धक्के दर मॅचला बसतात. ती उठली, दोन पावलं चालली, बुटाची लेस बांधायला बसावं तशी खाली बसली आणि आडवी झाली. मी पळत गेले. तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, कारण आम्हाला तेच शिकवलंय, मान हलू द्यायची नाही. तिचं अंग झटके देत होतं. चाळीस सेकंद असेल. तुम्ही पोचलात तेव्हा ते थांबलं होतं.

डॉक्टरांना स्कॅनमध्ये आधीच्या माराची खूण दिसली, चार-पाच दिवसांपूर्वीची. तुम्ही वेटिंग रूममध्ये माझा दंड धरून विचारलंत, "चैत्राली, हिला आधीपासून काही होत होतं का? तुला काही माहीत होतं?" मी "नाही मावशी" म्हणाले. आजही तेच लिहितेय. मला माहीत असतं तर मी तिला खेळू दिलं असतं का?

दोन ओळी का होईना, लिहा.

चैत्राली


रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

राधिका मावशी,

पत्र आणि खोकी पोचल्याची नोंद पोस्टाच्या साइटवर दिसते. सही 'वाय'ने सुरू होते, म्हणजे यतीन काकांनी घेतलं असणार.

दिवाळी झाली. मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगला तुम्ही मला घरी बोलावलंत आणि 'हिची दिवाळी राहिलीय' म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी चकल्या केल्यात, ते आठवलं. मी तळायला बसले तर सोऱ्यातून दोनच सलग पडल्या आणि सावनी बाकीच्या तुकड्यांना "ताईज् स्पेशल" म्हणून सगळ्यांना वाढत होती. या वर्षी मी काही केलं नाही. आईला फोनवर खोटंच सांगितलं की मैत्रिणीकडे गेले होते. अमरावतीला अजून कुणाला काही माहीत नाही.

इथे चौकशी सुरू झालीय. आधीचा मार कधी बसला, कुणाला माहीत होतं, आणि माहीत असूनही तिला खेळवलं का, एवढंच त्यांना शोधायचंय. डेनाने, म्हणजे टीमच्या मुख्य ट्रेनरने, जिच्या हाताखाली मी काम करते तिने, मला बाजूला घेतलं. म्हणाली, "नोंदवहीत त्या आठवड्यात सावनीची एकही तक्रार नाही. तू एवढंच सांग. रेकॉर्डवर आहे तेवढंच." तिचा आवाज प्रेमळ होता. ती वाईट बाई नाही, मावशी. चोवीस वर्षं मुलींच्या घोट्यांना पट्ट्या बांधतेय.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. मॅचच्या आदल्या दिवशी, दसऱ्याला, आपण तिघी अर्विंगला एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. तुम्ही विमानतळावरून थेट आला होतात आणि सावनीला श्रीखंड खायचं होतं. पण वाटीत चमचा फिरवत ती नुसती बसून होती. वरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून तिने माझ्याशी जागा बदलली. तुम्ही विचारलंत, "काय गं, डोकं दुखतंय का?" तिने माझ्याकडे बघितलं. मी हसले आणि म्हणाले, "कालच थर्मोडायनॅमिक्सचा पेपर झालाय मावशी, डोकं दुखणार नाही तर काय होणार?" तुम्हीही हसलात.

तिला बरं नव्हतं, एवढं मला त्या दिवशी दिसत होतं. मला वाटलं, दमलीय. आणि ती खरंच दमलेली असायची. हे तुम्हाला फोनवर कळत नसेल. केमिकल इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष आणि सीझन, दोन्ही एकाच वेळी. लॅबचे तास प्रॅक्टिसच्या वेळेवर यायचे. मैदानावर ती लॅबमधून उशिरा आलेली असायची आणि लॅबमध्ये मैदानावरून उशिरा आलेली. बाहेरगावच्या मॅचला जाताना बसमध्ये सगळ्या मुली गाणी लावायच्या आणि ही मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन रिपोर्ट लिहायची. सप्टेंबरमध्ये एकदा मला म्हणाली, "ताई, मी दोन्हीकडे सॉरी म्हणत फिरते." मी म्हणाले, "सगळ्याच फिरतात." मीपण तशीच होते. साडेपाचला ट्रेनिंग रूम उघडायची, मग क्लास, दुपारी प्रॅक्टिस, प्रॅक्टिसनंतर बर्फाचे टब रिकामे करायचे. कागदावर माझे आठवड्याचे वीस तास, कारण आम्हा बाहेरून आलेल्यांना त्याहून जास्त काम चालत नाही. वरच्या तासांना शिकण्याचे तास म्हणायचं. ते अठरा व्हायचे.

हे सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे, बहुतेक सबब म्हणूनच सांगतेय.

चैत्राली


रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

राधिका मावशी,

तुमचं उत्तर नाही. आता ते नसणंच बरं वाटतंय. उत्तर आलं असतं तर हे पत्र लिहायचं धाडस झालं नसतं.

मी हॉस्पिटलमध्ये खोटं बोलले. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. दुसऱ्यात निम्मं. मला माहीत होतं.

मॅचच्या आधीच्या मंगळवारी, आठ तारखेला प्रॅक्टिसमध्ये केलीचं कोपर सावनीच्या कपाळाच्या बाजूला लागलं. मी ते बघितलं नाही. बघायला हवं होतं, त्याच कामासाठी मी तिथे उभी होते, पण मी लाइनपाशी उलट्या बादलीवर बसून माझ्या परीक्षेची कार्डं पाठ करत होते. सावनी लगेच उठून खेळायला लागली, म्हणून कुणीच काही विचारलं नाही.

बुधवारी साडेचारच्या सुमारास ती ट्रेनिंग रूममध्ये आली. प्रॅक्टिसला सुट्टी होती. डेना मीटिंगला गेली होती, मी एकटीच टेपचे रोल लावत होते. ती सगळ्यात शेवटच्या टेबलवर जाऊन आडवी झाली आणि हात डोळ्यांवर घेतला.

"ताई, ती लाइट बंद कर ना."

"का गं?"

"जस्ट बंद कर."

मी बंद केली. तिने कपाळाच्या बाजूला बोट ठेवलं. मग म्हणाली, "काल केलीचा एल्बो लागला इथे. इट्स नथिंग. पण वाचताना ओळी हलतात. मी एकच पान चार वेळा वाचलं आज."

"उलटी झाली?"

"सकाळी. एकदाच."

मावशी, या शिक्षणात आम्हाला बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण ही दोन वाक्यं ऐकल्यावर काय करायचं ते यायलाच हवं. हातातलं टाकायचं, तिची तपासणी करायची, डेनाला फोन, डॉक्टरांना फोन, नोंद. डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळ बंद, अभ्यास बंद, परीक्षा बंद. यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी फोन हातात घेतला. ती उठून बसली.

"नो, ताई. प्लीज. शुक्रवारी थर्मो आहे."

"पेपर पुढे ढकलता येतो, डॉक्टरांची चिठ्ठी असली की..."

"एकदा ढकललाय ना, अवे गेमसाठी! प्रोफेसरने सगळ्यांसमोर सांगितलं, खेळणाऱ्यांसाठी मी वेगळं टाइमटेबल चालवत नाही म्हणून. आता मी जाऊन काय सांगू, परत सॉकर? आणि संडेची मॅच बघायला आई येतेय. शी बुक्ड द फ्लाइट इन ऑगस्ट. संडेनंतर मी स्वतः डेनाला सांगते. प्रॉमिस."

ती रडत होती. रडल्यामुळे डोकं आणखी ठणकत होतं, म्हणून ती रडणं दाबत होती.

इथवर लिहून मी तुम्हाला असं वाटू देऊ शकते की मला तिची दया आली. आली होती. पण मी गप्प बसले ते तेवढ्यासाठी नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला दहा कमी. मी जर आता तो फोन केला तर तपासणी, डॉक्टरांकडे नेणं, फॉर्म, कोचला कळवणं, तीन तास तरी जाणार. आणि पुढचे पाच-सहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ तिची नोंद ठेवायला डेना मलाच नेमणार. माझी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती. आधीच्या परीक्षेत मी नापास होता होता वाचले होते, आणि ग्रेड घसरली की ही नोकरी, असिस्टंटशिप जाते. माझे शेवटचे चार धडे राहिले होते.

मला वेळ नव्हता, मावशी. एवढंच आहे ते. तुमची मुलगी अंधारात टेबलवर पडली होती आणि मी मनात धडे मोजत होते.

मी तिला म्हणाले, "बरं. पण रविवारी हेडर मारायचा नाही. चेंडू वर आला की बाजूला व्हायचं." सॉकर खेळणाऱ्या मुलीला. ती म्हणाली, "ओके." मी तिला बर्फाची पिशवी दिली, उजेड सहन होत नव्हता म्हणून स्वतःची टोपी दिली आणि ग्रंथालयात गेले.

परीक्षा कशाची होती, तेही लिहिते. डोक्याच्या आणि मानेच्या दुखापती. मला ब्याण्णव मिळाले.

गुरुवारी, शुक्रवारी मी तिच्यासमोर जायचं टाळलं. शनिवारी तुमच्यासमोर बसून हसले. रविवारी वॉर्मअपच्या वेळी तिने लांबून अंगठा वर करून दाखवला. डेनाने नेहमीप्रमाणे विचारलं, "सगळ्या ठीक?" माझ्याकडे अर्धा तास होता. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणाले, "सगळ्या ठीक."

येत्या गुरुवारी मला चौकशीला बोलावलंय. तिथे काय बोलेन ते आत्ता छातीठोकपणे सांगता येत नाही. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, नोकरी गेली की फी माफ होणं थांबेल, मग डिग्री, मग व्हिसा. हे सगळं एकाला एक लागलेलं आहे. मी फार शूर नाही. पण चौकशीच्या लोकांआधी तुम्हाला कळावं, म्हणून हे आज पोस्टात टाकतेय.

चैत्राली


शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४

राधिका मावशी,

मी सांगितलं.

तिघं जण होते. मिस हॉलंड नावाच्या बाई प्रश्न विचारत होत्या. टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा आधीपासून मांडून ठेवला होता. त्यांनी नोंदवही दाखवली, ही तुझी सही ना वगैरे विचारलं. मग म्हणाल्या, "आम्ही विद्यार्थिनीशी बोललो. तिला मॅचआधीच्या सोमवारपासून हॉस्पिटलमध्ये जाग येईपर्यंतचं काहीही आठवत नाही. तेव्हा तिच्याकडून काही कळण्यासारखं नाही. तुला काही जोडायचंय?" आणि त्या पान उलटायला लागल्या.

त्या खोलीत, म्हणजे सबंध जगात, बुधवारचं ते बोलणं आठवणारी मी एकटीच उरले होते. तुम्हाला लिहिलेलं पत्र होतं खरं, पण तुम्ही ते फोडलं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी "नाही, काही नाही" म्हणाले असते तर त्या बाई उठल्या असत्या. शपथेवर सांगते, ते शब्द तोंडात आले होते.

मग सगळं सांगितलं. बादलीवर बसले होते ते, घड्याळ बघितलं ते, 'सगळ्या ठीक' तेही. त्यांनी लिहून घेतलं. मी पुढेही बोलत राहिले. सव्वीस मुलींमागे आम्ही दोघी शिकाऊ आणि एक डेना. वीस तासांच्या कागदाखाली अडतीस तास. सीझनच्या सुरुवातीला कोच सगळ्यांसमोर म्हणाले होते की डोकं दुखतंय म्हणणारी पुढच्या मॅचला बाकावर बसेल, तर नीट विचार करून दुखू द्या. सगळ्या हसल्या होत्या, मीही. तेही सांगितलं. मिस हॉलंड मान डोलवत होत्या. मला वाटलं, हेही लिहितायत.

काल अहवाल आला. अडीच पानं. त्यात माझं नाव नाही, 'शिकाऊ विद्यार्थिनी' असं आहे, आठ वेळा. शिकाऊ विद्यार्थिनीला लक्षणं माहीत असूनही तिने वरिष्ठांना कळवलं नाही. कार्यपद्धती योग्य होती, ती शिकाऊ विद्यार्थिनीने पाळली नाही. तासांबद्दल एक शब्द नाही. कोचबद्दल एक ओळ आहे, त्यांनी पूर्ण सहकार्य केलं. प्रकरण बंद.

त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, हीच तर अडचण आहे. एकही वाक्य खोडता येत नाही. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान पुढच्या वर्षीच्या एखाद्या मुलीसाठी काहीतरी बदलेल. माझं खरं त्यांच्या फार सोयीचं निघालं.

असिस्टंटशिप या टर्मबरोबर संपली. डेनाने ट्रेनिंग रूमची किल्ली परत घेतली. "यू डिड द राइट थिंग, हनी," म्हणाली, आणि म्हणताना किल्ल्यांच्या जुडग्याकडेच बघत होती. जानेवारीत फी भरून शिकता येईल असं ऑफिस म्हणतं. ते मला आणि माझ्या घरच्यांना शक्य नाही. बाबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "त्या मुलीचं कसं आहे?" मला सांगता आलं नाही.

त्यांना सांगण्यासाठी तरी कळवा. नाही कळवलंत तरी ठीक.

चैत्राली


रविवार, २२ डिसेंबर २०२४

राधिका मावशी,

फोनवर जे बोलायला जमलं नाही ते लिहिते. आणि त्यानंतर एक गोष्ट झालीय, ती तुम्हाला सांगायला हवी.

मागच्या रविवारी तुमचा नंबर स्क्रीनवर दिसला तेव्हा मी लाँड्रीत होते. तुम्ही म्हणालात, "पत्रं मिळाली. चारही. वाचली आत्ता, या आठवड्यात." तुमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तुम्हीच सांगितलंत, मिक्सर बंद, कुकर बंद, भात पातेल्यात शिजवता, कारण शिट्टी झाली की ती कान दाबून खाली बसते. दहा मिनिटं वाचते, मग डोळे मिटून तासभर पडते. चमच्याला चमचा म्हणायला तिला थांबावं लागतं.

"तू दसऱ्याला त्या टेबलाशी माझ्यासमोर बसून हसलीस," तुम्ही म्हणालात.

"हो मावशी."

"मीपण हसले तुझ्याबरोबर. ते मला सोसत नाही."

मग तुम्ही त्या शुक्रवारचं सांगितलंत. पेपरच्या आधी, तुम्ही गाडीत असताना तिने फोन केला होता, फ्रीवेवर. आई, मला पेपर वाचता येणार नाही, मी जात नाही, असं म्हणत होती. तुम्हाला वाटलं घाबरलीय. तुम्ही म्हणालात, "जा, पेपर समोर आला की सगळं आठवतं." आणि तुमची एक्झिट आली म्हणून फोन ठेवलात. हे तुम्ही अजून यतीन काकांनाही सांगितलेलं नाही. मावशी, तुम्हाला काही माहीत नव्हतं. मला होतं. हे दोन्ही एकाच मापाने मोजू नका. फोनवर मला हे म्हणायचं होतं, पण तुम्ही रडत होतात आणि मी वॉशिंग मशीनच्या काचेकडे बघत उभी राहिले.

माफ वगैरे करायला सांगू नकोस, ते आत्ता माझ्याकडे नाहीये, असं तुम्ही म्हणालात. मी मागणार नाही.

आणि विचारलंत, "तू हे सगळं शिकलीस ना? मग सांग, ती पूर्वीसारखी होईल का?" मी शिकलेलं सगळं आठवून बघितलं. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, असं पुस्तकात आहे. दहा आठवडे झाले. मला माहीत नाही, मावशी. ब्याण्णव मार्क मिळवूनही मला माहीत नाही.

मग तुम्ही तिला फोन दिलात आणि पाणी आणायला गेलात, म्हणून पुढचं तुम्ही ऐकलं नाही. ती हळू बोलत होती, शब्द शोधत. "ताई, त्या वीकमध्ये काय झालं? मला कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात, नंतर." मी सांगितलं. सोप्या शब्दांत, थांबत थांबत. तू मला सांगितलं होतंस, तुला बरं वाटत नव्हतं, मी कुणाला सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीच म्हटलं असेन ना, नको सांगू. साउंड्स लाइक मी." आणि म्हणाली, "इट्स ओके, ताई." मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. तुमच्याच फोनवरून, तुम्ही बहुतेक मागच्या अंगणात होतात. म्हणाली, "ताई, त्या वीकमध्ये काय झालं? मला कुणी सांगत नाही."

तिला रविवारचं बोलणं आठवत नव्हतं. फोन झाला होता एवढं आठवत होतं, काय बोललो ते नाही. मला क्षणभर वाटलं, आता नको सांगायला. एकदा सांगून झालंय, तिने एकदा इट्स ओके म्हटलंय. पण मग ते फक्त माझ्याकडे राहिलं असतं, तिच्याकडे नाही. मी परत सांगितलं. तेच शब्द, तसंच थांबत.

या वेळी 'इट्स ओके' आलं नाही. मी विचारलं, "सावनी, आहेस का?" तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, "तुला माहीत होतं?" अगदी तुमच्या आवाजात. मी हो म्हणाले. तिने फोन ठेवला.

यातलं तिचं खरं म्हणणं कोणतं, मला कळत नाही. कदाचित दोन्ही. कदाचित आज तिला दोन्ही आठवत नसतील.

माझं विमान अठ्ठावीसला आहे, डॅलसहून. अमरावतीचा नंबर मागे लिहिलाय. ती पुन्हा फोन करेल आणि पुन्हा तेच विचारेल. मी दर वेळी पहिल्यापासून सांगेन. ते ऐकून तिचं डोकं दुखत असेल, झोप जात असेल, तर मला सांगा, मी थांबेन. पण मग तिने विचारल्यावर मी काय म्हणायचं, तेही तुम्हीच सांगा.

चैत्राली